आज्जाचा खंचनाळे, माझा अंडरटेकर

या ग्रुपवर बेळगावच्या तालमींवर, गणपतींवर, जुन्या थिएटरांवर पुष्कळ लिहून झालंय. मी आज जे लिहितोय ते वाचून काही ज्येष्ठ मंडळी हसतील. हसा. आमच्या घरात या विषयावर तीस वर्षं हसूनच झालंय.

विषय आहे अंडरटेकरची निवृत्ती. टीव्हीवरचा तो काळा कोट, काळी हॅट, डोळे पांढरे करणारा अमेरिकन पैलवान. पण त्याच्याबद्दल लिहायचं तर आधी माझ्या आज्जाबद्दल लिहायला लागतं.

आमचं घर शहापुरात. आज्जा मागावर काम करायचा आणि गल्लीतल्या तालमीत जायचा. फार नावाजलेला पैलवान नव्हे. पोरगा असताना बत्ताशावरच्या, मग नारळावरच्या, पुढे रोख बक्षिसाच्या कुस्त्या धरल्या; आनंदवाडीच्या आखाड्यात चार-सहा वेळा हलगीवर नाव पुकारलं गेलं, एवढंच. पण कुस्ती बघण्यात तो मोठा होता. खासबागेतलं एखादं मोठं मैदान असलं की भाकरी बांधून कोल्हापूर गाठायचं आणि रात्री मिळेल त्या ट्रकनं परत यायचं. आज्जी म्हणायची, याचं लग्न मातीशी झालंय, मी आपली नावाला.

त्याचं दैवत म्हणजे श्रीपती खंचनाळे. 1959 साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झाले ते. मूळचे एकसंब्याचे, म्हणजे आपल्या चिक्कोडीकडचे. तालीम कोल्हापूरची, शाहूपुरीची. आपण म्हैसूर राज्यात ढकलले गेलो त्याला तेव्हा पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. अशा वेळी अख्ख्या देशातला पहिला हिंदकेसरी आपल्या जिल्ह्यातल्या गावचा निघाला, याचं आज्जाच्या पिढीला काय वाटलं असेल ते सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. शिवाय खंचनाळेंचा जन्म 1934 चा आणि आज्जाचाही. "माझ्या वारगीचा हाय," असं तो सांगायचा, जसं काही दोघं एकाच हौदात वाढले. पेपरातनं कापलेला त्यांचा फोटो आमच्या देवघराच्या शेजारी काचेत होता. मी लहानपणी त्यांनाही नमस्कार करायचो. बरीच वर्षं मला ते आमचे कुणी पूर्वजच वाटायचे.

तर अशा घरात 1993 च्या सुमारास केबल आली.

मी तेव्हा चौथीच्या आसपास. स्टारच्या खेळाच्या चॅनेलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ लागायचं. हल्क होगन, ब्रेट हार्ट, योकोझुना. आणि एके दिवशी दिवे गेले, घंटा वाजली, स्मशानातल्यासारखं संगीत सुरू झालं आणि एक पावणेसात फुटी माणूस इतका सावकाश चालत आला की आज्जी स्वैपाकघरातनं बाहेर येऊन म्हणाली, "कोण गेलं रे?" त्याच्या बरोबर पॉल बेअरर नावाचा एक गोलमटोल, पांढराफटक मॅनेजर, हातात अस्थिकलश. (हा पॉल बेअरर खऱ्या आयुष्यातही अंत्यसंस्काराच्या धंद्यात काम केलेला माणूस होता, हे मला फार पुढे कळलं.) मार खाऊन उताणा पडलेला अंडरटेकर एकदम कमरेतनं ताठ उठून बसायचा. बस्स. मी त्याच दिवशी त्याचा झालो.

आज्जानं पाचच मिनिटं बघितलं. मग म्हणाला, "नुरा कुस्ती हाय ही."

नवीन पिढीसाठी सांगतो. दोन पैलवानांनी निकाल आधीच ठरवून धरलेली कुस्ती म्हणजे नुरा. तालमीत यापरता वाईट शब्द नाही. हरला तर चालतो, पळाला तरी एकवेळ चालतो, नुरा धरलेल्याला मात्र वस्ताद हौदात उतरू देत नाही. आज्जानं तो शब्द माझ्या अंडरटेकरला लावला आणि मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

आज्जा बरोबरच बोलला होता. त्या कंपनीनं स्वतःच 1989 साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे मान्य केलं होतं की आमचा हा खेळ नाही, करमणूक आहे. कारण खेळ म्हटला की सरकारी नियम आणि कर आले. अंडरटेकर पहिल्यांदा रिंगणात आला तो त्यानंतर, 22 नोव्हेंबर 1990 ला, हार्टफर्ड गावात. म्हणजे त्याचा सगळा जन्मच कबुलीनंतरचा. पण आमच्या शाळेत ही बातमी पोचली नव्हती.

शाळेत पोचली होती ती ट्रम्प कार्डं. उंची, वजन, छाती, दंड. गणिताच्या तासाला बाकाखाली ती खेळून मी दोनदा मार खाल्लाय. आणि एक पक्की माहिती सगळ्या बेळगावात होती, तुमच्याही गावात असणार, की अंडरटेकरला सात जन्म आहेत आणि तो मेला तरी परत येतो. 1994 च्या जानेवारीत तो खरोखर 'मेला'. योकोझुनाबरोबरच्या लढतीत दहा-एक जणांनी मिळून त्याला शवपेटीत कोंबलं, झाकण लावलं, पेटीतनं धूर निघाला. तो भाग आमच्याकडे लागला त्या रात्री मी जेवलो नाही. आज्जा ताटावरनं उठून आला आणि म्हणाला, "अरे खुळ्या, येतंय परत. पगार घ्यायला तरी येतंय की." त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो आला, आणि तेही दोन अंडरटेकर, एक खरा, एक खोटा. पुढे 1996 ला 'खिलाडियों का खिलाडी' लागला तेव्हा अक्षयकुमारनं अंडरटेकरला उचललं म्हणून शाळेत दोन पार्ट्या पडल्या. त्या सिनेमात होता तो ब्रायन ली, तोच 1994 चा खोटा अंडरटेकर! मला हे कळायला इंटरनेट यावं लागलं. तोवर मी अक्षयकुमारचा एकही सिनेमा रागानं बघितला नव्हता.

कॉलेजात गेल्यावर मी थोडं वाचायला लागलो. वाचलं ते आज्जाला हरवायला. पण झालं उलटंच. मला झिबिस्को सापडला.

गामा पैलवान आणि झिबिस्कोची गोष्ट आपल्याकडे तालमीतल्या पोरालाही पाठ असते. 1910 ला लंडनमध्ये गामानं त्याला खाली घेतलं, हा पोलंडचा पैलवान अडीच तासांच्या वर मॅटला चिकटून पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. मग 1928 ला पतियाळात गामानं त्याला मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं. आज्जा हे सांगताना दरवेळी हाताचा डाव करून दाखवायचा. पण या दोन कुस्त्यांच्या मधल्या अठरा वर्षांत झिबिस्को काय करत होता, हे आज्जाला माहीत नव्हतं. तो अमेरिकेत होता. तिथं ज्या काळात कुस्ती हळूहळू ठरवून करायचा खेळ बनत चालली होती, त्याच काळात तो तिथला व्यावसायिक विजेता होता. आणि 1925 ला फिलाडेल्फियात त्याला वेन मन नावाच्या विजेत्यासमोर हरायचं ठरलेलं असताना, पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या या माणसानं रिंगणात उतरल्यावर ठरलेलं धाब्यावर बसवलं आणि खरी कुस्ती धरली. मन हा फुटबॉलवाला, कुस्ती त्याला फारशी येतच नव्हती. झिबिस्कोनं त्याला पुन्हा पुन्हा चीत केलं आणि पट्टा घेऊन गेला.

हे आज्जाला सांगितलं तेव्हा तो किती तरी वेळ मांडीवर थापा मारत होता. "म्हणजे नुरा ठरवून निकाली केली!" संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर जाऊन त्यानं ती सगळ्यांना सांगितली, आणि सांगता सांगता झिबिस्को जवळजवळ कोल्हापूरचा करून टाकला. त्या दिवसापासून आमचा तह झाला. तो माझ्याबरोबर टीव्हीपुढे बसायला लागला. तोवर टेन स्पोर्ट्स आलं होतं, डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं होतं.

आता आज्जा बरोबर असला की कुस्ती वेगळीच दिसायची. तो निकालाकडे बघायचाच नाही. तो बघायचा माणूस पडतो कसा. "हा चांगला पडतंय. मान आत घेतली बघ." किंवा, "ह्येला लागलं. हे ठरल्यालं नव्हं." 1998 ची ती प्रसिद्ध लढत, ज्यात अंडरटेकरनं मॅनकाइंडला सोळा फुटी पिंजऱ्यावरनं खाली टेबलावर फेकलं, ती मी त्याला नंतर सीडीवर दाखवली. आज्जानं अर्ध्यात बंद करायला लावली. म्हणाला, पडायचं ठरलेलं असलं म्हणून जमीन मऊ होत नाही.

एकदा मी त्याला विचारलं, "आज्जा, तू कुस्ती कधी सोडलीस?"

"सोडली कुठं? गेलो न्हाई, एवढंच."

खरी गोष्ट आज्जीनं सांगितली. माझे बाबा पोटात होते तेव्हा कुठल्याशा जत्रेच्या मैदानात त्याचा उजवा खांदा निखळला. तिथल्या तिथं कुणीतरी बसवला, पण नीट बसला नाही. घरी आला, लंगोट धुतला, वाळत घातला, वाळल्यावर घडी करून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. दुसऱ्या दिवशी मागावर. वस्तादांनाही सांगितलं नाही. पुढे महिनाभर तालमीच्या गल्लीतनं जायचं टाळून लांबच्या वाटेनं कामाला जायचा म्हणे. आयुष्यभर त्याचा तो हात खांद्याच्या वर गेला नाही. सदरा घालताना आधी उजवा हात घालायचा, मग बाकीचा सदरा अंगावर ओढायचा. मला वाटायचं सगळे आज्जे असाच सदरा घालतात.

आपल्याकडे पैलवानाला निरोप नसतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पहिल्या कुस्तीला हलगी वाजते, फेटा बांधतात, खांद्यावर घेऊन नाचवतात. शेवटची कुस्ती कुठली ते मात्र त्यालाही त्या दिवशी ठाऊक नसतं. मग खुराक तसाच चालू राहतो, जोर-बैठका बंद होतात, अंग सुटतं, गुडघे जातात, साखर वाढते. आपल्या प्रत्येक गल्लीत असा एक तरी म्हातारा पैलवान बघितलेला आहे आपण, कान मोडलेला, काठी टेकत तालमीच्या दारापर्यंत येऊन आत न जाणारा.

आता माझ्या माणसाकडे येतो. रेसलमेनिया या त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या मैदानात अंडरटेकर 1991 पासून एकदाही हरला नव्हता. एकवीस लढती, एकवीस जय. ठरवून का असेना, पण एकवीस वर्षांच्या लढती ठरवत राहायचं म्हणजेही काही आहे. 7 एप्रिल 2014, सोमवार, आपल्याकडे सकाळ. न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रॉक लेस्नरनं त्याला हरवलं. पडद्यावर 21-1 असा आकडा आला. मैदानातल्या हजारो माणसांची तोंडं उघडी. मी ऑफिसचे कपडे घालून उभा होतो, तसाच बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून रडलो. तीस वर्षांचा घोडा, घरात बायको, बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. कुणाला काय सांगणार? नंतर कळलं की त्या लढतीत त्याच्या डोक्याला खरोखरच जबर मार बसला होता, रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. आज्जाला सांगितलं तर म्हणाला, "आता थांबायला पायजे त्येनं." मला राग आला. मला तो परत यायला हवा होता.

तीन वर्षांनी, 3 एप्रिल 2017 ला, पुन्हा सोमवारी सकाळी आम्ही दोघं टीव्हीपुढे. ऑर्लँडोचं मैदान, समोर रोमन रेन्स. आज्जा तेव्हा त्र्याऐंशीला टेकलेला, कप बशीत चहा ओतून पितोय. अंडरटेकर चालत आला तेव्हाच आज्जा म्हणाला, "कंबर गेली ह्येची. डाव्या-उजव्या पायात फरक बघ." मी म्हटलं, गप रे, नाटक असतंय ते. लढत चालू झाली आणि माझ्याच्यानं बघवेना. एक डाव उलटवताना दोघांनाही उचलणं जमेना, गोंधळ झाला. मग तो क्षण. उताणा पडलेला अंडरटेकर नेहमीसारखा कमरेतनं ताठ उठायला गेला, अर्ध्यावर आला आणि मागे पडला. चौथीत असताना ज्यासाठी मी त्याचा झालो होतो, तेच त्याला येईना. ते ठरवलेलं होतं की खरंच जमलं नाही, मला कळलं नाही. आज्जाला विचारलं. तो काही बोलला नाही, त्याचा डावा हात उजव्या खांद्यावर होता.

हरल्यावर, सगळे गेल्यावर, अंडरटेकर रिंगणात एकटा उभा राहिला. हातमोजे काढून खाली ठेवले. कोट काढला, घडी केली, ठेवला. वर हॅट ठेवली. खाली उतरून पहिल्या रांगेतल्या बायकोला जवळ घेतलं, जे त्या पात्रानं इतक्या वर्षांत कधी केलं नसतं. आणि गेला. आज्जा म्हणाला, "बरं केलंन. लोकांसमोर ठेवलं." त्या वर्षी त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्याची बातमी आली. मी आज्जाला ती वाचून दाखवली. त्यानं नुसती मान हलवली, त्याला ते एप्रिलमध्येच माहीत होतं.

गोष्ट इथं संपायला हवी होती. संपली नाही. पुढच्याच वर्षी तो परत आला, जॉन सीनाला तीन मिनिटांच्या आत हरवलं, मी सोफ्यावर उभा राहून ओरडलो. मग सौदीत एक लढत, तिथं चौघंही म्हातारे, बघवत नव्हती. 2019 ला जेद्दाहमध्ये गोल्डबर्गबरोबर, ती त्याहून वाईट. डोक्यावर आपटताना दोघांच्याही माना थोडक्यात वाचल्या. रात्री व्हिडिओ बघताना मला पहिल्यांदा लाज वाटली, आणि ती त्याची नव्हती. हा चोपन्न वर्षांचा माणूस खुबा बदलून तिथं का उभा होता? पैसा असेलच. पण माझ्यासारखे लाखो लोक दरवेळी 'एकदाच, अजून एकदाच' म्हणत होते, म्हणूनही. 2020 मध्ये त्याच्यावर 'द लास्ट राइड' ही मालिका आली, त्यात हेच दिसतं: प्रत्येक शेवटची लढत मनासारखी होत नाही, म्हणून आणखी एक शेवटची. आज्जा निदान नशीबवान. त्याला परत ये म्हणणारं कुणी नव्हतं.

23 नोव्हेंबर 2020, सोमवार, सकाळी नऊच्या आसपास. कोरोनाचा काळ. अमेरिकेत रविवार रात्र, 22 नोव्हेंबर, म्हणजे पहिल्या दिवसाला बरोबर तीस वर्षं. मैदानात माणूस नाही, चारी बाजूंनी नुसते पडदे आणि पडद्यांवर घरी बसलेल्या लोकांचे चेहरे. तो चालत आला, तितकाच सावकाश. अंडरटेकरला आता विसावू द्यायची वेळ झाली, अशा अर्थाचं थोडंसं बोलला. 2013 मध्ये वारलेल्या पॉल बेअररची प्रकाशाची आकृती समोर उभी राहिली, कलशासकट. तो एका गुडघ्यावर बसला. दहा वेळा घंटा वाजली. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मोकळं वाटलं, खरं सांगायचं तर. आता कुणी त्याला आपटणार नव्हतं.

आज्जा तेव्हा अंथरुणाला खिळलेला, शेजारच्या खोलीत. मी जाऊन सगळं सांगितलं. त्याला घंटेचं फार आवडलं. "दहा? मोजून?" असं दोनदा विचारलं.

बरोबर तीन आठवड्यांनी, 14 डिसेंबरला, पुन्हा सोमवार. कोल्हापुरात हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे गेले. शहाऐंशी वर्षांचे होते. बाबा म्हणाले, त्याला सांगू नको. पण दुसऱ्या दिवशी पेपर वाचून दाखवायचं काम माझंच होतं, आणि पहिल्या पानावरचा फोटो त्याला लांबनंही ओळखू आला असता. मी सांगितलं. तो बराच वेळ देवघराच्या बाजूच्या भिंतीकडे बघत होता. मग म्हणाला, "तुझ्या त्या काळ्या कोटवाल्याला धा घंटा वाजवल्या म्हणालास न्हवं?"

"होय."

"मग जा. आरतीची आण."

मी आणली. त्याचा उजवा हात उचलेना म्हणून डाव्या हातात दिली. सहापर्यंत त्यानं वाजवली, पुढच्या चार मी.

आज्जा पुढच्या उन्हाळ्यात गेला. ट्रंकेतला लंगोट अजून आमच्याकडे आहे. मंडळी, 1955 ते 65 च्या दरम्यानचे आनंदवाडी आखाड्याचे किंवा शहापूर-वडगावच्या तालमींचे फोटो कुणाच्या घरी असतील तर कृपया टाका. उजव्या भुवईवर खोक असलेला, बुटका, फोटोत कायम कडेला उभा राहणारा एक पैलवान शोधतोय.